दारापलीकडचं पिल्लू

लग्न होऊन मी नागपूरला आले तेव्हा त्या घरात तिघं होती. माझे यजमान, त्यांची अकरा वर्षांची मुलगी आणि एक म्हातारी मांजरी. मुलीची आई आदल्या वर्षी आजारपणात गेली होती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ती वर्षं.

माझं माहेर सावनेरचं. आमची कापसाची शेती. माझी आई अर्धांगानं अंथरुणाला खिळली आणि तिचं करता करता माझं लग्नाचं वय उलटून गेलं. ती गेल्यावर बाबांनी हे स्थळ पाहिलं. "बिजवर आहे, एक पोट्टी आहे, पण माणूस बरा आहे," एवढंच म्हणाले. मला कोणी फसवलं नाही. सगळं ठाऊक असून मी हो म्हटलं. मांजरीचं तेवढं कोणी सांगितलं नव्हतं.

घर महाल नावाच्या जुन्या वस्तीतल्या एका गल्लीत होतं. पुढे एक खोली, मागे एक, तिच्यामागे स्वयंपाकघर आणि मग नळ, पेरूचं झाड एवढं मावेल इतकं अंगण. यजमान गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात होते. सकाळी जात आणि दिवेलागणीला येत. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून त्यांचे शब्द संपलेले असत, की ते मुळातच अबोल होते, हे मला बरेच दिवस कळलं नाही.

मांजरी पांढरी होती. पाठीवर राखी डाग, एक कान कधीतरी भांडणात फाटलेला. मागच्या खोलीत एक मोठी लोखंडी पेटी होती, तिच्यावर घडी घातलेली गोधडी. मांजरी त्या गोधडीवर झोपे. गोधडी मुलीच्या आईनं स्वतः शिवलेली, तिच्या जुन्या लुगड्यांची. हे मला शेजारणीनं सांगितलं. घरात कोणी बोललं नव्हतं. मी त्या पेटीला कधी हात लावला नाही. झाडताना तेवढी जागा सोडून झाडत असे.

मांजरी माझ्या हातचं दूध पीत नव्हती. मी वाटी ठेवली तर लांब बसून माझ्याकडे बघत राही. मुलगी शाळेतून आली, तिनं तीच वाटी उचलून पुन्हा तिथंच ठेवली, की मग पीत असे. मुलगी मात्र माझ्या हातचं सगळं जेवायची. भाजी कशीही झाली तरी नाव ठेवायची नाही. विचारलं तर उत्तर द्यायची, सांगितलेलं काम करायची. मला "तुमी" म्हणायची आणि हाक कधी मारायचीच नाही. काही हवं असलं तर माझ्यासमोर येऊन उभी राहायची, मी वर बघेपर्यंत. भांडली असती, आदळआपट केली असती, तर मला काहीतरी करता आलं असतं.

थंडीच्या दिवसांत बाबा मला बघायला आले. एका हातात तुरीच्या डाळीची पिशवी आणि दुसऱ्या हातात कापडी थैली. थैली हलत होती. त्यांनी ती स्वयंपाकघरात उघडली आणि आतून मूठभर पिवळं पिल्लू बाहेर आलं. एसटीच्या प्रवासानं भेदरलेलं. उभं राहताना त्याचे मागचे पाय फाकत होते.

"काहून आणलं गा बाबा?" मी विचारलं.

"आपल्या घरची मांजर कुत्र्यायनं मारली," बाबा म्हणाले. "चार पिल्लं होते, हे एकच वाचलं. म्हटलं, तुले इथं करमत नसन."

मी वाकून पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवला. बाबांना वाटलं मला आनंद झाला. झाला होताही.

तेवढ्यात मागच्या खोलीतून मांजरी आली. उंबऱ्यावरच थांबली. तिची शेपटी फुगली, कान मागे गेले आणि तिच्या पोटातून असा आवाज निघाला की बाबांनी पिल्लाला चटकन उचललं. पिल्लू त्यांच्या हातातून निसटून कोळशाच्या पोत्यामागे शिरलं. मांजरी वळली, अंगणात गेली, पेरूवरून भिंतीवर चढली आणि पलीकडे उतरली. त्या संध्याकाळी ती जेवायला आली नाही.

बाबा गेल्यावर मुलगी अंगणात उभी राहून तिला हाका मारत होती. बऱ्याच वेळानं आत आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमच्या पिल्लानं आमच्या मांजरीले हाकललं."

तुमचं पिल्लू, आमची मांजर. तिनं ते रागानं म्हटलं नव्हतं. जसं होतं तसं सांगितलं होतं.

यजमान आले, त्यांनी सगळं ऐकलं. "परत धाडायचं का?" म्हणाले.

"लय लहान आहे," मी म्हटलं. "तिथं त्याची माय नाही. जगणार नाही ते."

"मग पाह्य बाप्पा तू," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

मी पिल्लाला स्वयंपाकघरात ठेवलं आणि मधलं दार लावून घेतलं. त्या दाराखाली दोन बोटं जातील एवढी फट होती. मांजरी दुसऱ्या दिवशी परत आली, पण दाराजवळ आली की फिस्कारून मागे जायची. पिल्लू आतून ओरडायचं. स्वयंपाक करताना मी सतत दार उघडायची, लावायची, पायात काय येतं ते बघायची. माझ्या हातून दोनदा पोळी करपली.

आमच्याकडे शेतावर गाय दुसरीच्या वासराला जवळ करीत नसली, तर वासराच्या अंगावर मिठाचं पाणी शिंपडत. गाय ते चाटायला लागे आणि चाटता चाटता त्याला धरून घेई. मला ते आठवलं. एका दुपारी मुलगी शाळेत असताना मी पिल्लाच्या पाठीला थोडी साय लावली आणि त्याला घेऊन मागच्या खोलीत गेले. मांजरी पेटीवर होती. मी पिल्लाला जमिनीवर सोडलं. वाटलं, सायीच्या वासानं तरी खाली उतरेल.

ती उतरली. हुंगायला मान पुढे केली आणि पिल्लू आनंदानं तिच्या तोंडाकडे धावलं. तिनं एकच पंजा मारला. पिल्लाच्या नाकावर लाल रेघ उमटली. ते जागीच बसलं, पळालंसुद्धा नाही.

शाळा लवकर सुटली होती की काय, मुलगी नेमकी दारात उभी होती. दप्तर खांद्यावरून काढायचंही राहिलं. ती खाली बसली, फ्रॉकच्या कडेनं पिल्लाचं नाक टिपलं. पिल्लाला तिनं पहिल्यांदाच हात लावला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काहून केलं तुमी असं?"

"म्हटलं, दोघांची ओळख होईन."

"तिले विचारलं का?" तिचा आवाज चढला. "आणायच्या आधी कोनी विचारलं का तिले? एक दिवस थैलीत घालून आणलं आन म्हने हे आता इथं राहीन!"

आम्ही दोघी मांजरीबद्दल बोलत होतो, आणि दोघींनाही ठाऊक होतं की तेवढ्याबद्दलच बोलत नव्हतो. मांजरी पेटीवर चढून आमच्याकडे पाठ करून बसली.

"नाही विचारलं कोनी," मी म्हणाले. "आता काय करावं, तू सांग. तिले तू ओळखते. मी नाही ओळखत."

तिला हे अपेक्षित नव्हतं. ती पिल्लाला मांडीवर घेऊन विचार करीत बसली. मला वाटलं, उठून जाईल. पण ती म्हणाली, "पहिलं तिले वाढायचं. रोज. पिल्लू कितीबी ओरडलं तरी पहिलं तिले."

"बरं."

"आन तिच्या जागेवर ह्याले सोडायचं नाही. पेटीवर तर नाहीच."

"नाही सोडणार."

"आन तिच्यावर ओरडायचं नाही. तिनं मारलं तरीबी नाही. तिचं घर आहे ते."

मी मान हलवली. अकरा वर्षांची मुलगी घरातल्या मोठ्या बाईसारखी एकेक अट घालत होती आणि मी सगळ्या कबूल करीत होते. लग्नानंतर एवढं बोलणं आमच्यात पहिल्यांदाच झालं.

तेव्हापासून ते काम आमचं दोघींचं झालं. मुलगी शाळेतून आली की दोन ताटल्यांत दूधभात कालवायचा. दाराच्या अलीकडे मांजरीची, पलीकडे पिल्लाची. मी आत, ती बाहेर. सुरुवातीला मांजरीची ताटली पार पुढच्या खोलीच्या उंबऱ्याशी ठेवावी लागे, कारण दाराजवळ ती खातच नसे. रोज थोडी थोडी ती दाराकडे सरकवायची. मुलगी बाहेरून सांगायची, "खाऊन राहिली." मी आतून सांगायची, "हे बी खाऊन राहिलं." मध्ये बंद दार. एकमेकींचं तोंड दिसत नव्हतं म्हणून की काय, आम्हांला बोलणं सोपं जात होतं. शाळेत काय झालं, बाईंनी काय सांगितलं, हे ती मला दाराआडून सांगू लागली. आपण सांगत आहोत हे तिच्या लक्षात येऊ नये म्हणून मी फार प्रश्न विचारत नसे.

मांजरी दारापासून हातभर अंतरावर आली आणि तिथंच अडली. एक दिवस ती खात असताना पिल्लानं फटीतून पंजा बाहेर काढला. तिनं तो पंजा बघितला, ताटली तशीच सोडली आणि निघून गेली. या वेळी लवकर परतली नाही. गल्लीच्या टोकाला एका घराच्या कवेलूंच्या छपरावर ती बसलेली दिसायची. थंडी मरणाची होती. सकाळी तोंडातून वाफ निघायची. मुलगी शाळेत जाताना आणि येताना त्या घरासमोर उभी राहून हाका मारायची. मांजरी मान वळवून बघायची, पण खाली यायची नाही. मुलीचं जेवण कमी झालं. मी पिल्लाला सावनेरला पोचवून येण्याचं मनाशी ठरवलंच होतं.

एका दुपारी अंगणात कपडे वाळत घालत असताना मला आतून कापड फाटल्याचा आवाज आला. मी धावत मागच्या खोलीत गेले. पेटीवरची गोधडी खाली जमिनीवर पसरलेली होती. मुलीनं तिची एक कड कातरीनं चिरली होती आणि दोन्ही हातांनी पट्टी फाडून काढत होती. ओठ आत दाबलेले.

"अवं, हे काय करून राहिली?" मी तिचा हात धरला. "हे नको. आईची आहे ना ती. मी माझं लुगडं देते, ते फाड."

"तुमच्या लुगड्याचं तिले काय?" ती म्हणाली. "तिले ह्याचाच वास कळते. पिल्लाले ह्याच्यावर झोपवलं, तर त्यालेबी हाच वास येईन. मग नाही मारणार ती."

"तरीबी..."

"माझी आई आहे," ती म्हणाली. "मी फाडीन."

मी हात सोडला. तिनं पट्टी फाडली, नीट घडी केली आणि स्वयंपाकघरात पिल्लाच्या टोपलीत अंथरली. पिल्लू तिच्यावर दोनदा गोल फिरलं आणि झोपून गेलं. मुलगी तिथंच बसून राहिली.

गोधडीची फाटलेली कड तशीच ठेवली असती तर सगळे टाके उसवत गेले असते. मी सुई-दोरा घेतला आणि मागच्या खोलीत बसून ती दुमडून शिवायला लागले. त्या गोधडीला मी पहिल्यांदाच हात लावत होते. टाके बारीक होते, माझ्याहून बारीक. मी तेवढेच बारीक घालायचा प्रयत्न करीत होते.

अंधारून आलं होतं. यजमान कधी आले ते मला कळलं नाही. मान वर केली तर ते दारात उभे. माझ्या मांडीवर गोधडी, शेजारी कातर. त्यांचा चेहरा उतरला. ओरडणारा माणूस नव्हता तो. हळूच म्हणाले, "हे काय केलं तू?"

मुलीचं नाव कसं सांगायचं? मी खाली बघत राहिले.

स्वयंपाकघरातून मुलगी आली. "मी फाडली, बाबा," ती म्हणाली. "त्या नाही. त्या शिवून राहिल्या."

ते खाली बसले. गोधडीचं एक टोक त्यांनी हातात घेतलं आणि अंगठ्यानं चोळत राहिले. दिवसभर कापड हाताळणारा तो माणूस, पण त्या दिवशी त्यांचे हात वेगळे दिसत होते.

"ही हिरवी," ते म्हणाले, "तुझ्या बारशाची आहे. माह्याच दुकानातून नेली होती."

"कोनती?" मुलगी त्यांच्याजवळ सरकली.

"ही नाही का? हिरवी. आन ही जांभळी, ही तिच्या माहेरची. तिले नव्हती आवडत. म्हणून नवीच्या नवी गोधडीत घातली."

मुलगी हसली. ते हसले नाहीत, त्यांचे डोळे भरले होते. पण त्यांनी पुढचा तुकडा दाखवला, मग त्याच्या पुढचा. मी सुई गोधडीत टोचून ठेवली आणि शिगडी पेटवायला गेले. तिथं थांबायची ती माझी वेळ नव्हती. भाकरी थापताना त्या दोघांचा आवाज ऐकू येत होता. त्या घरात मुलीच्या आईबद्दल एवढं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण बरंच जास्त हायसं वाटलं.

मांजरी काही दिवसांनी आपणहून आली. रोडावली होती. गोधडी पुन्हा पेटीवर होती, तिच्यावर चढून ती दीड दिवस झोपली. मुलीनं पिल्लाखालची पट्टी काढून तिच्या ताटलीशेजारी ठेवली. मांजरीनं ती हुंगली, पुन्हा हुंगली, तिच्यावर पाय ठेवून उभी राहिली आणि जेवली. मग तीच पट्टी परत पिल्लाकडे. असं कितीतरी वेळा केलं.

एका रविवारी मुलगी म्हणाली, "आज उघडू दार."

यजमान घरी होते. तेही येऊन खाटेवर बसले. मी दार उघडलं आणि भिंतीला टेकून उभी राहिले. पिल्लू बाहेर आलं. आता ते बरंच मोठं झालं होतं, नाकावरची रेघ बुजून गेली होती. मांजरी फिस्कारली. माझा हात पुढे गेला, पण मुलीनं मला नजरेनंच थांबवलं. पिल्लू पोट जमिनीला टेकवून बसलं. मांजरीनं त्याच्याभोवती एक फेरी मारली, त्याची मान हुंगली, पाठ हुंगली. पिल्लानं डोळे मिटून घेतले होते. मग ती सरळ स्वयंपाकघरात गेली, त्याच्या ताटलीतलं उरलेलं सगळं खाल्लं आणि उन्हात जाऊन अंग चाटत बसली.

"झालं?" यजमानांनी विचारलं.

"झालं," मुलगी म्हणाली.

ती दोघं पुढे एकमेकांना बिलगून झोपली असं सांगता आलं असतं तर छान झालं असतं. तसं कधी झालं नाही. मांजरीनं त्याला कधी चाटलं नाही, शेजारी झोपू दिलं नाही. ते जास्त जवळ आलं तर तिचा पंजा उठायचा, फक्त नखं आत असायची. पण ते दिसलं नाही तर अंगणात जाऊन भिंतीकडे बघायची. उन्हाळ्यात माठाखालची ओली जागा तिची. ती उठून गेली की मगच पिल्लू तिथं बसायचं. त्यांच्यात तेवढं ठरलं होतं आणि ते दोघांनीही पाळलं.

मुलगी मला मावशी म्हणायला लागली. कोणी सांगितलं नव्हतं. एके दिवशी शाळेतून येताना गल्लीतूनच हाक मारली, "मावशी, दार उघडा वं!" आणि तेच नाव राहिलं. आजही तेच आहे.

मांजरी आणखी काही वर्षं जगली. मुलगी मॅट्रिकला होती तेव्हा ती एका सकाळी पेरूखाली उन्हात पडून राहिली आणि उठली नाही. पिल्लू, म्हणजे आताचा मोठा पिवळा बोका, भिंतीवर बसून होता. खाली आला नाही, गेलाही नाही. श्वास अजून चालू होता, मी शेजारी बसले. तिनं मला डोक्यावर हात ठेवू दिला. इतक्या वर्षांत दुसऱ्यांदा की तिसऱ्यांदा.

मुलगी शाळेतून आल्यावर आम्ही दोघींनी अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा खणला. यजमानांची वाट बघितली नाही. ती रडत रडत माती ओढत होती. मध्येच थांबून तिनं विचारलं, "एकटी होती का?"

"नाही वं. मी होते."

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात माझ्याजवळ पाटावर येऊन बसली. मी तांदूळ निवडत होते. बराच वेळ ती तांदळातले खडे माझ्याआधी शोधून बाजूला काढत राहिली. मग म्हणाली, "आई दवाखान्यात होती ना, तेव्हा पोरायले आत जाऊ देत नव्हते. बाबा मले खालीच रस्त्यावर उभं करायचे. म्हणायचे, वर पाह्य, तिसरी खिडकी."

हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. मी हात थांबवला नाही, थांबवला असता तर ती गप्प झाली असती.

"मंग?" मी विचारलं. "यायची का खिडकीत?"

"पहिले पहिले यायची. हात हलवायची. मंग बाबाच यायचे खिडकीत, आन तिच्याऐवजी तेच हात हलवायचे. मले वाटायचं, आत बसून सांगून राहिली असन त्यायले."

तिनं आणखी एक खडा काढला, हातात धरून ठेवला.

"ती मले बी तशीच विचारायची," ती म्हणाली. "बाबाच्या हाती निरोप धाडून. जेवली का, वेणी कोन घालते, शाळेत जाते का. मी सगळं बराबर सांगायची. एकच खोटं सांगायची. म्हणायची, मी रडत नाही."

मी सूप खाली ठेवलं. बाहेर यजमानांच्या सायकलचा आवाज आला, मग अंगणातल्या नळाचा. मुलीनं डोळे पुसले, उठली आणि त्यांना पाणी द्यायला तांब्या भरू लागली.